डोणगावच्या नमुन्यातली जास्तीची रेघ

डोणगावचा डबा दुपारच्या एसटीनं येतो. सहलीला नेतात तसला निळा डबा, आत बर्फाच्या पिशव्या आणि रक्ताच्या नळ्या. डोणगावच्या कलेक्शन सेंटरवरची ताई तो कंडक्टरच्या हातात देते. मेहकर, चिखली करत तो बुलडाण्याच्या स्टँडवर उतरतो आणि आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधले चाचा मोटारसायकलवर जाऊन तो घेऊन येतात. चाचा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने टेक्निशियन. रोज देऊळघाटहून येतात. त्यांना सगळेच चाचा म्हणतात, सरसुद्धा. सर म्हणजे लॅबचे डॉक्टर. रिपोर्टवर सही त्यांची.

मी तिथं लागून आठ महिने झाले होते. माझं काम नळ्या फिरवायचं, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये घालून रक्तातला पातळ भाग वर आणायचा, आणि शुक्रवारी इलेक्ट्रोफोरेसिस लावायचं. हे दुसरं काम लॅबमध्ये माझ्याइतकं कुणाला आवडत नव्हतं. त्यात बोलावं लागत नाही. पातळ काचेवर ओतल्यासारखा एक पारदर्शक जेल असतो. त्याच्या एका कडेला त्या पातळ भागाचा, म्हणजे सीरमचा, थेंब ठेवायचा, दोन्ही टोकांना वीज जोडायची आणि थांबायचं. रक्तातली प्रथिनं त्या विजेच्या ओढीनं जेलमधून सरकू लागतात. ज्याच्यावर विजेचा भार जास्त ते पुढे, ज्याच्यावर कमी ते मागे. नंतर रंगात बुडवून धुतलं की पट्ट्या दिसतात. सगळ्यांत पुढे अल्ब्युमिनची जाड पट्टी, मग अल्फाच्या दोन, मग बीटा, आणि सगळ्यांत मागे गॅमाचा फिकट, पसरलेला धूर. त्या धुरात शरीरानं आयुष्यभर गोळा केलेली सगळी प्रतिकारक प्रथिनं असतात. ती हजार प्रकारची असतात, म्हणून धूर. तिथं एकच बारीक, ठळक रेघ उमटली तर मात्र डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात. हाडांच्या मज्जेतल्या पेशींची एकच जात बेसुमार वाढून एकच प्रथिन बनवत सुटली की अशी रेघ येते. तो एक कॅन्सर आहे.

तर त्या गुरुवारी डोणगावच्या डब्यातून एका मावशीच्या दोन नळ्या आल्या. एक जांभळ्या झाकणाची, एक लाल झाकणाची. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, तिच्यातून हिमोग्लोबिन वगैरे बघतात. लाल नळी साधी. तिच्यातलं रक्त गोठतं, खाली गच्च गुठळी बसते आणि वर सोनेरी सीरम राहतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: वय पंचावन्न, काम स्वयंपाकी, पाठदुखी सहा महिने, रक्त कमी. बुलडाण्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी इलेक्ट्रोफोरेसिस आणि कॅल्शियम सांगितलं होतं. काय शंका आहे ते चिठ्ठीत लिहिलेलं नसतं, पण या दोन तपासण्या एकत्र दिसल्या की लॅबमध्ये सगळ्यांना कळतं.

लाल नळी फिरवून बाहेर काढली तेव्हा मला ते दिसलं होतं. गुठळी नव्हती. खाली लाल पेशी पाण्यातल्या गाळासारख्या सपाट बसल्या होत्या. नळी तिरकी केली की गाळही तिरका होत होता. गुठळी अशी हलत नाही. मी नळी उजेडात धरली आणि चाचांकडे पाहिलं. ते फोनवर कुणाला तरी लघवीची बाटली कशी भरायची ते मोठ्या आवाजात समजावत होते. मी वरचा भाग काढून घेतला, लेबल लावलं आणि ठेवून दिलं.

मी का बोलले नाही, याचं मोठं कारण काही नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं मधल्या सुट्टीत मराठी ऐकू आलं तर बाकावर उभं करायचे. घरी आल्यावर माझं मराठी ऐकून चुलतभाऊ हसायचे, म्हणायचे, ‘आली पुस्तक.’ मग मला सवयच लागली की आधी वाक्य मनात पूर्ण तयार करायचं, तपासायचं, आणि तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असायची. त्या गुरुवारीही तसंच झालं. वाक्य तयार होईपर्यंत पुढची नळी हातात आली होती.

शुक्रवारी जेल धुतला आणि मावशीच्या ओळीत बीटा आणि गॅमा यांच्या मधल्या रिकाम्या जागेत एक रेघ होती. फिकट, पण सरळ. सरांनी जेल खिडकीपाशी नेला, परत आणला, ग्राफ काढला. ग्राफवर त्या जागी एक लहानसं टोक आलं. त्यांनी त्याच्याभोवती पेनानं गोल केला.

“Small, but it's there,” ते मला म्हणाले. माझ्याशी ते इंग्रजीतच बोलतात. त्यांना वाटतं मला ते सोपं जातं.

मी मान हलवली. ती रेघ मी आधी पाहिलेली होती.

अमरावतीला एमएस्सी करताना माझा प्रकल्प होता अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांवर. त्यातल्या काही प्रथिनांना साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. एन्झाइमनं त्यांचे तुकडे करायचे, जेलवर वेगळे करायचे आणि मग कुठल्या तुकड्यांना साखर आहे ते एका गुलाबी रंगानं शोधायचं. साखरवाले तुकडे, ग्लायकोपेप्टाइड म्हणतात त्यांना, नीट रेघ देत नाहीत. एकाला साखर कमी, एकाला जास्त, त्यामुळे ते एका जागी थांबत नाहीत, पसरतात. दोन वर्षं मी असल्या पसरट गुलाबी डागांच्या कडा बघत बसले होते. आमच्या बाई सांगायच्या, दिसतं तेवढंच लिहायचं, आणि दिसतं ते सगळं लिहायचं. पहिला अर्धा भाग मला लगेच जमला.

त्याच बाईंनी एकदा आम्हाला एकाच माणसाचं रक्त दोन प्रकारे घेऊन शेजारी शेजारी लावायला दिलं होतं. एक गोठलेलं, म्हणजे सीरम. दुसरं न गोठू दिलेलं, म्हणजे प्लाझ्मा. दोन्ही ओळी सारख्याच. फक्त प्लाझ्माच्या ओळीत बीटा आणि गॅमाच्या मधे एक जास्तीची रेघ. ती फायब्रिनोजेनची. रक्त गोठताना हेच प्रथिन धागे होऊन गुठळीत विणलं जातं. म्हणून सीरममध्ये ते उरत नाही, आणि रक्त गोठलंच नाही तर ते तसंच राहतं.

शुक्रवारी संध्याकाळी कॅल्शियमही आलं. फारच कमी. मज्जेच्या त्या आजारात ते उलट वाढतं. चाचा म्हणाले, “रीएजंट संपत आलं बेटा, मशीन नाटकं करते. सोमवारी नवीन लावू, तोवर पेंडिंग ठेव.” मी पेंडिंग लिहिलं. जांभळ्या नळीतलं औषध रक्तातलं कॅल्शियमच पकडून ठेवतं, म्हणून तर तिच्यात रक्त गोठत नाही. म्हणजे गुठळी नाही, कॅल्शियम नाही आणि रेघ बरोबर फायब्रिनोजेनच्या जागी. माझ्याकडे तिन्ही गोष्टी होत्या. माझ्याशिवाय कुणाकडेच तिन्ही नव्हत्या.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मावशी स्वतः आली. हाडांच्या डॉक्टरांकडे बाराचा नंबर होता, जाता जाता रिपोर्ट घ्यायचा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हटलं होतं, पण तिला कागद हातात पाहिजे होता. उंच, हाडापेरानं मोठी बाई, कंबरेवर एक हात ठेवून उभी. काउंटरवर त्या वेळी मी एकटीच होते. मी पाकीट दिलं. तिनं तिथंच उघडलं.

“हे डोंगरावानी काय हाय व?”

“ग्राफ आहे. हे रक्तातले घटक.”

“आन् याच्यावर पेनानं गोल काऊन केला?”

“डॉक्टर सांगतील तुम्हाला.”

“डॉक्टर तं सांगतीनच. तुले इंग्रजी वाचता येते ना? मंग तू सांग.”

रिपोर्टमध्ये सरांनी जपून लिहिलं होतं. बारीक पट्टी दिसते, अर्थ लावण्यासाठी पुढची तपासणी करावी. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. माझं वाक्य तयार होतं: मावशी, मला वाटतं हा नमुनाच बरोबर नव्हता. आत सर दुसऱ्या एका रिपोर्टवर सही करत होते. दार उघडं होतं.

“कॅन्सर तं नसते ना हे?” तिनं आवाज खाली आणून विचारलं. बाकावर आणखी दोघं बसली होती.

“अजून काहीच नक्की नाही, मावशी.”

तिनं माझ्याकडे बघितलं.

“हाव,” ती म्हणाली. “असंच म्हणतात.”

आणि कागदाची घडी ब्लाऊजमध्ये खोचून गेली.

मी खरं तेच बोलले होते. तेच तर वाईट झालं. ज्यांना सांगायचं नसतं तेही हेच वाक्य वापरतात.

रविवारी लॅब बंद. आई गच्चीवर कुरडया घालत होती आणि मी तिला चीक ढवळून देत होते. चिकाची कढई ढवळताना थांबता येत नाही, गुठळ्या होतात. मी थांबले.

“लक्ष कुठं हाय तुह्यं?” आई म्हणाली.

मी खाली आले आणि डोणगावच्या ताईला फोन लावला. तिला मी कधी भेटले नव्हते. आवाज माहीत होता, डब्यातल्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर माहीत होतं. मी तिला विचारलं, त्या मावशीचं रक्त काढताना काही अडचण आली होती का.

“अडचण म्हंजे, अवं शीरच सापडे नाही. मोठी बाई हाय, पण शिरा पाहा तं दोऱ्यावानी. जांभळी भरली कशीतरी, लालमध्ये आलं एवढंसंक आन् तिले चक्कर आली. घाम फुटला. म्हणे आता नको टोचू माय, उभ्यानं पडीन. मंग म्या जांभळ्यातलं थोडं लालमध्ये ओतलं. जांभळी भरून वरतीच होती. रगत तं तेच हाय ना, ताई. एकाच बाईचं.”

ती हे कसलाही आडपडदा न ठेवता सांगत होती. एका बाईला दुसऱ्यांदा टोचायचं वाचवलं, एवढंच तिच्या मनात. मला तिला समजावून सांगता आलं असतं, की रक्त तेच असलं तरी त्याच्याबरोबर औषधही ओतलं गेलं.

“काही चुकलं का?” तिनं विचारलं.

“नाही, असंच विचारलं.”

“मावशीले काही निघालं का? कालपासून दार लावून बसली हाय. गल्लीतल्या बायांशी बोलत नाही.”

“नाही... बघतेय मी,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी सरांना मेसेज लिहायला घेतला. इंग्रजीत, चांगला लांब, प्रत्येक ओळीला ‘possibly’ होतं. पुसला. पुन्हा लिहिला. रविवारी सरांना त्रास कशाला, सोमवारी सकाळी समोरासमोर सांगू, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय ताईची चूक उघडी पडेल, तिची नोकरी जाईल, तिचं नाव कसं न घ्यायचं याचा विचार करायला हवा. मला गप्प बसायला नेहमी एखादं चांगलं कारण सापडतं. त्या दिवशी ताई सापडली.

सोमवारी मी नऊ वाजता गेले. सर यायचे होते. चाचा मशीन सुरू करत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

“इतने दिन से ये लेके घूम रही थी?”

“हो.”

“और मैं रीएजंट को गाली दे रहा था.” मग ते फ्रीजकडे गेले. नमुने आम्ही आठवडाभर ठेवतो. मावशीचा उरलेला नमुना त्यांनी शोधून काढला, छोट्या काचनळीत थोडा ओतला आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीची पेटी काढली. त्या पेटीत कॅल्शियमच्या पाण्याची एक बाटली असते.

“औषधानं कॅल्शियम पकडलं ना? मंग आपण त्याले पुरून उरंल एवढं कॅल्शियम देऊ. सीरम असंल तं काही होणार नाही. प्लाझ्मा असंल तं गोठंल.”

नळी आम्ही कोमट पाण्यात ठेवली. सर आले, त्यांनी विचारलं काय चाललंय, चाचा म्हणाले, “मॅडम सांगतीन.” मला ‘मॅडम’ ते चिडवायलाच म्हणतात. सर माझ्याकडे वळले.

मी मराठीत सांगितलं. इंग्रजीत सुरू केलं होतं, पण पहिल्याच वाक्यात ‘possibly’ आलं, म्हणून थांबले आणि पुन्हा मराठीत सुरू केलं. गुठळी नव्हती, मी पाहिलं होतं. कॅल्शियम खोटं नव्हतं. ती रेघ बहुतेक फायब्रिनोजेनची आहे. जांभळ्या नळीतलं रक्त लालमध्ये गेलंय. कुणी ओतलं ते मी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

सरांनी पाण्यातली नळी काढून तिरकी केली. पातळच होतं. परत ठेवली. चार दिवसांचा शिळा नमुना, वेळ लागणारच. आम्ही तिघं त्या नळीभोवती उभे होतो आणि बाहेर बाकावर माणसं रांगेत खोळंबली होती. तिसऱ्यांदा काढली तेव्हा पातळ भागात एक जाळं हललं. मग चाचांनी काडी घालून उचललं तर काडीला मऊ, पांढुरका, ओलसर धागा लोंबत आला.

“ही घ्या तुमची रेघ,” चाचा म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. “शनिवारी ती इथं आली होती ना?”

“हो.”

“तेव्हा तुला माहीत होतं?”

“शंका होती.”

“मग शनिवारी तोंडात काय गुळणी धरली होती?” आज पहिल्यांदाच ते माझ्याशी मराठीत बोलत होते. मग म्हणाले, “सही माझी आहे. पेंडिंग कॅल्शियमचं मीही विचारायला हवं होतं.” त्यांनी तिथूनच हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडून कळलं, मावशीला अकोल्याला मज्जेच्या तपासणीसाठी पाठवायचं ठरलंय, चिठ्ठी दिलीय, या आठवड्यात जाणार. मज्जेची तपासणी म्हणजे कंबरेच्या हाडात जाड सुई घालतात. जी बाई हाताच्या सुईनं चक्कर येऊन पडते, तिच्या. सर म्हणाले, ते थांबवा, आम्ही नवीन नमुना घेतो.

“मी जाते,” मी म्हणाले.

“डोणगावला?”

“शिरा बारीक आहेत. ताईला जमलं नव्हतं. मला चाचांनी शिकवलंय.”

चाचांनी फुलपाखराच्या सुया दिल्या, लहान मुलांना वापरतात त्या. आणि म्हणाले, “पहले लाल भरना. जांभळी नंतर. और बातें करते रहना, उसका ध्यान हटता है.” मग त्यांना आठवलं ते कुणाला सांगतायत. “ठीक है, उसी को बोलने देना.”

मंगळवारी मी पहाटेची गाडी धरली. डोणगावला उतरले तेव्हा ताई स्टँडवरच उभी होती. मी फोनवर कल्पना केली होती त्यापेक्षा लहान होती, जवळजवळ माझ्याच वयाची. तिनं माझी पिशवी घेतली आणि चालता चालता म्हणाली,

“म्या सांगून टाकलं बरं मावशीले. परवाच.”

“काय?”

“का बा, माह्याकडून काही चुकलं असंन म्हणून. तू फोनवर असंच विचारलं म्हणत होती, पण असंच कोणी रविवारी फोन करते का? म्या संध्याकाळीच गेली तिच्याकडे. म्हटलं मावशे, म्या रगत ओतलं होतं, त्याच्यानं झालं असंन काही.”

मी दोन दिवस जिचं नाव कुठं घ्यायचं नाही म्हणून धडपडत होते, तिनं स्वतःच स्वतःचं नाव घेतलं होतं. तेही मी फोन ठेवल्यावर काही तासांत. मी तिच्या बाजूनं चालत राहिले. या वेळी गप्प राहायला कारणही काढलं नाही.

मावशी घरी नव्हती, शाळेत होती. पोषण आहाराची खिचडी तीच शिजवते. पण शेडमध्ये चुलीपाशी दुसरी एक बाई होती आणि मावशी बाजूच्या पायरीवर बसून तिला सांगत होती, “आता हळद. एवढी नाही, एवढी. लेकरं पिवळी होतीन.” शनिवारी घरी आल्याबरोबर तिनं मुख्याध्यापकांना निरोप दिला होता की मला अकोल्याले जावं लागते, मागून काय होते मालूम नाही, माह्या जागेवर हिले घ्या, मी चार दिवस शिकवून देतो. एक दिवसही वाया घालवला नव्हता.

तिनं मला ओळखलं.

“आली का ग्राफवाली.”

आम्ही वर्गाच्या मागच्या ओसरीवर बसलो. मी तिला आडवं व्हायला सांगितलं, म्हणजे चक्कर येणार नाही. ती चटईवर आडवी झाली आणि आभाळाकडे बघत बोलायला लागली. चाचांचं बरोबर होतं.

“रगतात काय काय असते व इतकं, वेगळं वेगळं करून पाहाले?”

“प्रथिनं असतात. खूप प्रकारची. काहींना साखरही चिकटलेली असते.”

“मले शुगर नाही हाय. तपासली हाय.”

“ती साखर वेगळी, मावशी. ही सगळ्यांनाच असते.”

“असंन बापा.”

लाल नळी भरत होती. थेंबाथेंबानं, पण भरत होती. मी तिच्या हाताकडे बघत म्हणाले, “मावशी, मला शनिवारी शंका आली होती. नमुना बरोबर नसावा म्हणून. तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत होतं.”

तिनं मान वळवली. हात हलवला नाही.

“तुले मालूम होतं?”

“पूर्ण नाही. पण शंका होती.”

“मंग काऊन नाही बोलली?”

“भीती वाटली.”

“कोणाची? माही?”

“नाही. बोलायचीच.”

ती पुन्हा वर बघायला लागली. मी जांभळी नळी जोडली. शेडमधून नवीन बाईनं ओरडून विचारलं, मीठ टाकू का. मावशीनं उत्तर दिलं नाही. बाई पुन्हा ओरडली.

“मी रविवारी माह्या साड्या वाटल्या,” मावशी म्हणाली. “लेकीले दोन, सुनेले तीन. सुनेनं काही विचारलं नाही. घेतल्या.” मग जरा वेळानं, “ही ताई संध्याकाळी आली, रडत आली. म्हणे मावशे चूक माही हाय. मले वाटलं, उगा माह्या मनाले बरं वाटाव म्हणून बोलून राह्यली. लोक बोलतात असं. तू बोलली असती तं मी मानलं असतं. तू शिकेल हाय.”

मी कापूस दाबून धरला. माफ करा म्हणाले. तिनं ‘ठीक हाय’ म्हटलं नाही. “झालं का?” एवढंच विचारलं, उठून बसली आणि शेडकडे तोंड करून म्हणाली, “टाक व मीठ! किती वेळची वाट पाह्यते!”

परतीच्या गाडीत नळ्या मी मांडीवरच ठेवल्या. लाल नळी बघत होते. मेहकर यायच्या आत ती गोठली होती. तिरकी केली तरी हलत नव्हती.

बुधवारी शुक्रवार नसतानाही सरांनी जेल लावायला सांगितला. मी मावशीचा नवा नमुना लावला आणि शेजारी तिचाच जुना. वीज जोडली. या कामात मधे काही दिसत नाही. जेल तसाच पारदर्शक राहतो आणि आत सगळं सरकत असतं. तासभर मी काही केलं नाही. चाचा दोनदा येऊन गेले. रंगात बुडवला, धुतला, खिडकीपाशी नेला. जुन्या ओळीत ती रेघ होती. नव्या ओळीत बीटा होता, मग रिकामी जागा होती, मग गॅमाचा धूर होता, एकसारखा, पसरलेला. मी भिंग लावून ती रिकामी जागा पाहिली. सरांनी पाहिली. चाचांनी चष्म्यावर चष्मा लावून पाहिली. कॅल्शियम बरोबर आलं. हिमोग्लोबिन कमीच होतं, ते खरं होतं. त्याच्यासाठी गोळ्या लागणार होत्या आणि पाठीसाठी हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जावं लागणार होतं.

“फोन मी करू का तू?” सरांनी विचारलं.

मी केला. दुपारची जेवणाची सुट्टी चालू असावी, पलीकडे ताटांचा आवाज होता.

“मावशी, मी बुलडाण्याहून बोलते. रेघ नाही. ती पहिली चुकीच्या नळीमुळे आली होती. तुम्हाला तो आजार नाही. अकोल्याला जायचं नाही.”

ती मग म्हणाली, “परत सांग.”

मी परत सांगितलं. सावकाश. रक्त कमी आहे, गोळ्या घ्यायच्या, पाठ दाखवायची, तेही सांगितलं.

“हे पक्कं हाय का असंन-नसंनवालं?”

“पक्कं आहे. मी दोन्ही शेजारी लावून पाहिलं.”

“हाव,” ती म्हणाली. मग आवाज लांब गेला. फोन तिनं बंद केला नव्हता, कुठं तरी ठेवून दिला होता, बहुतेक पायरीवर. लेकरांचा गलका येत होता, कुणी तरी ‘मले आणखी’ म्हणत होतं. नवीन बाईचा आवाज आला, काय म्हणते व, कोण होतं? मावशी काय म्हणाली ते गलक्यात नीट ऐकू आलं नाही. नंतरचं तेवढं आलं.

“उद्याही येजो तू. एकटीनं हे भांडं उतरत नाही आता. पण पळी माह्याजवळ दे.”

मी फोन कानाला धरून तशीच बसले होते. चाचांनी खुणेनं विचारलं, काय? मी हातानंच थांबा म्हटलं. पलीकडे पळी भांड्याच्या कडेला दोनदा आपटली गेली, आणि मावशी कुण्या लेकराला ओरडली की ताट सरळ धर.